दोनदा लिहिलेला आकडा

“आजीनं,” असं म्हणून भिंगरी खिडकीबाहेर बघायला लागली आणि बसची तिकिटं माझ्या हातातच राहिली. दाताच्या डॉक्टरकडून आम्ही दोघी परत येत होतो. दाढ काढलेली, अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा, आणि अशातही माझ्या नातीनं हातातलं तिकीट स्वतःकडे वळवून त्याचा नंबर वाचला होता. चार आठ दोन, चार आठ दोन. वाचला आणि एका दमात सांगून टाकलं की हा आकडा सातानं जातो, अकरानं जातो आणि तेरानंही जातो. कागद नाही, पेन्सिल नाही, बोटंसुद्धा हलली नाहीत. मला वाटलं भुलीचं इंजेक्शन डोक्यात चढलं. तरी कौतुकानंच विचारलं, “कुणी गं शिकवलं तुला हे?” तर म्हणे आजीनं. आता आजी म्हणजे मी. मी तर तिच्या शेजारीच बसले होते, तिचं दप्तर मांडीवर घेऊन, तिची लाळ माझ्या रुमालानं पुसत. आणि मी तिला असलं काही शिकवलेलं नव्हतं. म्हणजे ही आजी दुसरी. माझी विहीण.

भिंगरी बोलायला लागली तेव्हा तिनंच आमची दोघींची वाटणी करून ठेवली होती. मी आजी आणि ती खडूआजी. विहीणबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. नोकरी संपून किती काळ लोटला तरी त्यांच्या बोटांना खडूचा कोरडा वास येतो असं पोर म्हणायची. ते नाव ऐकून मी मनातल्या मनात पेढा खाल्ल्यासारखी व्हायची. साधा शब्द माझा, त्याला जोड लागायची ती त्यांच्या वाट्याला. माझ्या घरी लोकरीचे ढीग, माझ्या अंगाला लोकरीचा वास, पण मला कधी कुणी लोकरआजी म्हटलं नाही, कारण तशी गरजच नव्हती. आणि आज भर बसमध्ये, परक्या माणसांच्या खांद्यांच्या मधोमध, तो साधा शब्द उठून दुसऱ्या घरी जाऊन बसला होता. मी स्वतःची समजूत घातली की जीभ बधिर आहे पोरीची, खडू गिळला असेल. पण सात, अकरा, तेरा तिनं कसे खणखणीत म्हटले होते. त्यातलं एक अक्षरही गिळलं नव्हतं.

“असं कसं गं न बघता सांगतेस?” मी म्हटलं.

“सोप्पंय. तीन आकडे लिहायचे आणि तेच परत लिहायचे. कुठलेही घे. जातोच.”

“कुठलेही?”

“हो, आकडे कुठले त्याचा संबंधच नाही. परत लिहिणं म्हणजे एक हजार एकनं गुणणं. चारशे ब्याऐंशी हजार आणि वर चारशे ब्याऐंशी, बघ ना. आणि एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा.” बोळा गालात सरकवून ती पुढे म्हणाली, “आणि गंमत सांगू? आधी सातानं भागायचं, जे येईल त्याला अकरानं, मग तेरानं. शेवटी काय उरतं? चारशे ब्याऐंशीच. एकदाच.”

एकदाच. ती हसली, अर्ध्याच तोंडानं, आणि ते वाकडं हसू माझं होतं. माझं तोंड जन्मतःच असं वाकडं हसतं, त्याला इंजेक्शन लागत नाही. हिचं नाक माझं, हिच्या कानाच्या पाळ्या माझ्या, चपला काढताना एक इकडे एक तिकडे भिरकावण्याची खोडसुद्धा माझी. कारखान्यात येणारी बाई असो की जिन्यात भेटलेला माणूस, जो तो म्हणायचा, काय हो, नात आहे की तुम्हीच परत? आणि मी मान वाकडी करून म्हणायची, मीच परत. चार आठ दोन, चार आठ दोन. पहिले तीन मी, पुढचे तीन ती. माझ्या मुलानं मधे काही बिघडवलं नाही हे त्याचे उपकार. आता बसच्या खिडकीतून एकामागून एक सारख्याच इमारती, सारखेच कठडे, सारख्याच वाळत घातलेल्या चादरी मागे जात होत्या, आणि मला एकाएकी कळलं की विहीणबाईंनी माझ्या नातीला जे शिकवलंय ते माझ्याचबद्दल आहे. दोनदा लिहिलेलं असलं की त्यात बाहेरचा सात शिरतो, अकरा शिरतो, तेरा शिरतो. आणि सगळे भाग घेऊन झाले की उरतं ते एकदाच. मग दोघींपैकी गळतं कोण?

ही नुसती शब्दाची गोष्ट असती तर मी एखादं फटकन बोलून मोकळी झाले असते. मला बोलायला कधी मुहूर्त लागत नाही. पण त्या रविवारी ठरायचं होतं. मुलगा आणि सून कामासाठी परदेशी चालले होते, वर्षभर. पोरीची शाळा मधेच तोडायची नाही म्हणून ती इथंच राहणार होती. माझ्याकडे की तिकडे? मी मुलाला म्हटलं, यात ठरवायचं काय, खालच्या मजल्यावर कारखाना, वर मी, मधे जिना, लहानपणापासून तोच जिना चढउतर करून ती मोठी झाली. तर मुलगा म्हणतो, “आई, रविवारी सगळे जेवायला जमू. भिंगरीलाच विचारू. तिचं मन बघायला नको?” लहानपणापासून हा असाच. स्वतःला ठरवता आलं नाही की दुसऱ्याचं मन बघायला निघतो. सून नुसता चमचा पुसत राहिली. चमचा कोरडा होऊन चकचकीत झाला तरी पुसत राहिली. तिला तिची आई हवी होती, दुसरं काय. मलाही माझी आई हवी असती अशा वेळी. पण ते तिच्यापाशी कबूल करण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.

कारखाना म्हणजे फार मोठा डोलारा समजू नका. एक लांब खोली, विणायच्या मशीनी, भिंतीला लोकर गुंडाळलेले कोन, आणि शाळांच्या स्वेटरांचे गठ्ठे. मशीनचा गाडा डावीकडून उजवीकडे जातो, उजवीकडून डावीकडे येतो, खर्र आणि खर्र, आणि त्या आवाजात मी बिनघोर बसते. माणसं बोलतात त्यापेक्षा तो बरा. तिसरी झाली आणि माझी शाळा सुटली. भागाकार चौथीत होता आणि चौथी मला आलीच नाही. बेरीज, वजाबाकी, पाढे, सगळं मी तोंडावर फेकते, पण भागाकाराचं ते घर, आत एक आकडा, बाहेर एक आकडा, वर एक आकडा चढवायचा आणि खाली पायऱ्या उतरत जायचं, ते मला कधी कुणी दाखवलं नाही. त्यावाचून माझं काही अडलंही नाही. नक्षी बारा टाक्यांची असेल तर अंगाचे टाके बारानं जाणारे घ्यायचे, नाहीतर बगलेतल्या शिवणीपाशी नक्षीचं अर्धं पान येतं आणि दुसऱ्या बाजूचं अर्धं पान त्याला भेटत नाही. हे मला हातानं कळतं. भिंगरी चार वर्षांची असताना मशीनखाली बसून माझ्याबरोबर टाके मोजायची. मी बारा म्हटलं की ती टाळी द्यायची. तेव्हा तिला सात आणि अकराशी काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा आकडे आमचे घरचे होते.

विहीणबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तो दिवस मला आठवतो, कारण मी त्यांना स्वतःच्या हातचा स्वेटर दिला होता, राखाडी, पुढे पानांची रांग. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला. बारीक, स्वच्छ, पांढरट बोटं. बगलेतली शिवण उलटून बघितली, दोन्हीकडची अर्धी पानं एकमेकांना बरोबर भेटत होती, आणि त्या म्हणाल्या, “किती नेमकं आहे हो.” कुणाचाही ऊर भरून आला असता. माझा आला नाही. मला वाटलं, हिनं माझी वही तपासली. लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि वही परत दिली. तो स्वेटर त्यांनी कधी घातलेला मी पाहिला नाही. थंडी कडाक्याची पडली तरी त्यांची ती पातळ शाल. त्या कधी आवाज चढवत नाहीत, कधी मधे बोलत नाहीत, कधी माझ्या बोलण्याला उत्तर देत नाहीत. भांडता येत नाही अशा बाईचा राग करायला फार जोर लागतो. एका हातानं टाळी वाजवायची म्हटली तर नुसता खांदा दुखतो.

बसमधून उतरलो त्या दिवसापासून मी हिशोबाचं कॅल्क्युलेटर वरून खाली मशीनजवळ आणून ठेवलं. दुपारी बायका डबा खायला बसल्या की मी आकडे मारायची. एक दोन तीन, एक दोन तीन. सातानं गेला. नऊ शून्य पाच, नऊ शून्य पाच. गेला. अकरानं गेला, तेरानं गेला, आणि शेवटी नऊशे पाच एकटाच चौकटीत उभा राहिला, आंघोळ करून आल्यासारखा. मला वाटायचं की एखादा तरी अडेल, एखाद्या आकड्याला तरी स्वाभिमान असेल. नाही. जो तो वाट देत होता. आमच्या चष्मेवालीनं, म्हणजे मशीनवर माझ्यानंतर सगळ्यात जुनी ती, डब्यातून मान वर करून विचारलं, “बाई, हल्ली सारखा कसला हिशोब चाललाय? आम्हाला काढताय की काय?”

“तुला काढून मी काय करू? तुझ्या चष्म्याचं गिऱ्हाईक मिळणार आहे का?”

“मग काय ते?”

“खेळ आहे. नातीचा.”

“नातीचा खेळ नातीबरोबर खेळावा,” ती घास चावत म्हणाली. “एकटीनं खेळताना तुमचा चेहरा कर्ज बुडाल्यासारखा दिसतोय.”

मी तिला दोन मोठ्या ऑर्डरी उकलायला लावणार होते. पण तिचं बरोबर होतं. नुसती विहिणीची युक्ती पाठ करून भिंगरीसमोर म्हणून दाखवली तर मी कोण? उरलेलं खाणारी. मला त्यांच्या वरताण करायची होती. तीन आकडे काय, मी चार आकडे परत लिहून दाखवणार होते. आठ आकड्यांचा लांबलचक पट्टा, आणि तो सातानं, अकरानं, तेरानं उलगडत न्यायचा, रविवारी, सगळ्यांसमोर, पोरीला विचारायच्या आधी. करून पाहिलं का, म्हणाल, तर नाही पाहिलं. आमच्या धंद्यात आधी नमुना विणतात, तळहाताएवढा. नमुन्यात नक्षी बसली की ती अंगात बसते, पाठीत बसते, बाहीत बसते. लहान मापाला जे लागलं ते मोठ्या मापाला लागतंच, पुन्हा उकलून बघायला कुणाला सवड आहे? इतकी वर्षं मी असंच करत आले आणि एकही स्वेटर परत आला नाही. तीन आकड्यांचा नमुना माझा बसला होता. मी निर्धास्त झोपले.

रविवारी विहीणबाई आल्या, पातळ शाल, हातात फळांची पिशवी. भिंगरी दारातच त्यांच्या दंडाला लोंबकळली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. भांड्यावर झाकण ठेवायचं तर ते बाजूला ओट्यावर ठेवलं. जेवणं झाली. मुलगा घसा साफ करायला लागला. त्याचा घसा एकदा साफ झाला की प्रश्न येणार, म्हणून मी हात पुसून घाईनं म्हटलं, “भिंगरे, कागद आण. कुठलाही चार आकडी आकडा सांग.”

“चार? तीन ना?”

“चार म्हटलंय मी.”

तिनं वर छताकडे बघून म्हटलं, “दोन पाच सात एक.”

“लिही. आता तेच परत लिही.” तिनं लिहिलं, २५७१२५७१. सून वाकून बघायला लागली, मुलाचा घसा थांबला. विहीणबाईंनी एकदाच कागदाकडे पाहिलं आणि त्यांची नजर टेबलावरच्या फळाकडे गेली, आणि तिथंच राहिली. ती नजर मी पाहिली. मशीनचा गाडा रुळावरून घसरायच्या आधी क्षणभर आवाज बदलतो, तसा माझा बदलला. पण तोंड सुटलं होतं. “हा सातानं जातो, अकरानं जातो आणि तेरानं जातो. भाग बघू.”

भिंगरी भागायला लागली. जीभ दातात धरून, काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात मधेच तिचं टोक घालून. खाली खाली उतरत गेली. मी त्या भागाकाराच्या पायऱ्यांकडे बघत होते आणि मला वाटत होतं की प्रत्येक पायरीवर ती माझ्यापासून एक पायरी लांब जातेय. “तीन उरले,” ती म्हणाली. परत करून पाहिलं. तीनच. अकरानं केलं, पाच उरले. तेरानं केलं, एक उरला. “आजी, हा कशानंच जात नाही.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी दोघातिघांची कातडी सोलली असती. विहीणबाईंनी फळावरची नजर काढली आणि अगदी हळू म्हटलं, “छान प्रश्न काढलात हो, विहीणबाई. चार आकड्यांचं काय होतं, हे मी वर्गात कधी विचारलंच नाही. मलाही ठाऊक नाही.” लाल शाई. ‘प्रयत्न चांगला.’ मला माहीत होतं की त्या खरं बोलत होत्या, त्या खोटं बोलतच नाहीत. आणि त्या खरेपणामुळेच माझे कान तापले. भिंगरीचे डोळे चमकायला लागले होते. “मग हा कशानं जातो? कशानंतरी जात असेल ना?” हे ती कुणाला विचारत होती? तिची मान वळली होती. माझ्याकडे नाही, त्या बाजूला. फक्त मान. पण मी पाहिली.

आणि मग मुलगा म्हणाला, “बरं, भिंगरे, आपलं ते राहिलंच. तुला वर्षभर कुठं—”

“तिकडेच राहू दे तिला,” मी म्हटलं.

मीच. माझाच आवाज, कारखान्यात ऑर्डर सांगतात तसा. “मास्तरीणबाईंकडेच बरी. अभ्यास तरी होईल. माझ्याकडे काय, खर्र खर्र आणि लोकरीचे केस. इथं राहून स्वेटर विणायचेत का तिला?” मुलानं सुटकेचा श्वास टाकला, सुनेचा चेहरा उजळला आणि लगेच तिनं तो झाकला. विहीणबाई म्हणाल्या, “अहो, पण तिला विचारायला…” मी त्यांना पुरं करू दिलं नाही. नको म्हणून घेण्यापेक्षा मी स्वतःहून दिलं, एवढं तरी माझ्या हातात होतं. भिंगरीची पेन्सिल कागदावर टेकून थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, माझ्याच नाकानं, माझ्याच डोळ्यांनी, आणि त्यांत काय होतं ते मला वाचता येईना. मी स्वतःला आरशात वाचू शकते. तिला नाही वाचू शकले.

“मला कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. कुणावर चिडून नाही. उरलेले तीन, उरलेले पाच, उरलेला एक सांगावा तसं. कागदाची घडी घालून तिनं ती खिशात टाकली.

ती काय म्हणाली असती? भांडी आवरताना, नंतर मशीनवर, जिना चढताना, मी हेच उकलत आणि विणत राहिले. माझं नाव घेतलं असतं असं म्हणायला जागा आहे. जेवायच्या आधी तिनं माझ्या खोलीत जाऊन खिडकीजवळची खाट स्वतःच भिंतीकडे सरकवली होती, शेजारी तिची गादी मावेल एवढी, हे मला नंतर दिसलं. की नुसता पडलेला खोडरबर काढायला सरकवली? खाट अजून तिथंच आहे. मी ती मागे ओढत नाही. तिकडे विहीणबाईंच्या घरी ती सकाळी उठत असेल, त्या तिची वेणी घालत असतील त्या पांढरट बोटांनी, आणि ती त्यांना काय हाक मारत असेल? रोजच्या रोज पूर्ण शब्द कोण म्हणतं? हाक घासून घासून लहान होते. खडू तर आधीच झिजणारी वस्तू. एव्हाना झिजून गेला असेल, आणि राहिला असेल तो साधा शब्द, माझा.

फोन आला तेव्हा भर दुपार होती, सगळ्या मशीनी चालू. चष्मेवालीनं फोन माझ्या हातात कोंबला. मी एक कान बोटानं बंद केला.

“आजी, सापडलं!”

मला तो शब्द आधी नीट हातात घेऊन बघायचा होता.

“आजी, ऐकतेस ना? तुझा आकडा. तो दहा हजार एकनं जातो, चार आकडे सरकतात ना म्हणून. पण दहा हजार एक फुटतच नव्हता. सतरानं करून पाहिलं, एकोणीसनं, तेवीसनं, सगळ्यांनी. मग त्र्याहत्तरनं गेला! त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. तू करून बघ ना.”

मी खांद्यानं फोन धरला आणि कॅल्क्युलेटर ओढलं. दोन पाच सात एक, दोन पाच सात एक. चौकट काठोकाठ भरली. भागिले त्र्याहत्तर. एकही ठिपका आला नाही. भागिले एकशे सदतीस. आणि दोन हजार पाचशे एकाहत्तर एकटा उभा राहिला. सगळ्यांना भाग देऊन आलेला, आणि तरी जसाच्या तसा.

“गेला,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. “गेला गं.”

“बघ! म्हणजे तुझंही बरोबर होतं, फक्त आकडे वेगळे होते.”

“कुणी मदत केली?”

“कुणी नाही. मी एकटीनं काढलं. खडूआजीला अजून सांगितलंच नाही, ती बाहेर गेलीये. आली की सांगते.”

खडूआजी. म्हणजे खडू अजून शाबूत होता. ती त्यांच्या घरात बसली होती, त्यांच्या टेबलाशी, बहुतेक त्यांच्याच पेन्सिलनं लिहीत, आणि पहिली हाक मला मारली होती. मशीनचा गाडा डावीकडून उजवीकडे गेला आणि उजवीकडून डावीकडे आला. एखाद्या शहाण्या बाईनं इथं म्हटलं असतं, सांग हो बाळा, त्यांनाही आनंद होईल.

“भिंगरे,” मी म्हटलं, “आज नको सांगूस तिला.”

“का?”

“उद्या सांग.”

पलीकडे ती हसली. फोनमधून दिसत नव्हतं, पण मला पक्कं ठाऊक आहे, अर्ध्याच तोंडानं.